दहावी झाली, पुढें काय?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: मुलास आतां कोठें घालावें? प्रश्न मुलाच्या आयुष्याचा, परंतु उत्तर देतात तें शेजारी, सोयरे आणि गुणपत्रिकेवरील आंकडे. गुण भरपूर पडले कीं विज्ञान, मध्यम पडले कीं वाणिज्य, थोडे पडले कीं कला, आणि जो कोठेंच बसत नाहीं त्याला आयटीआय, अशी उतरंड आम्ही लावून ठेविली आहे. मुलाचा कल कोणीकडे आहे, हें विचारण्याची तसदी फारच थोडे पालक घेतात.

या उतरंडीच्या मुळाशीं काय आहे तें स्पष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. लेखणी धरील तो थोर आणि हत्यार धरील तो हलका, हा जातिभेदाचा जुना धडा आम्ही अद्याप विसरलों नाहीं. सोवळें-ओवळें घरांतून गेलें असें आम्ही म्हणतों. पण तें शिक्षणांत शिरून बसलें आहे. ज्यांच्या हातांत कसब होतें त्यांना शतकानुशतकें अक्षर मिळूं दिलें नाहीं, व ज्यांना अक्षर मिळालें त्यांनीं हाताला काळें लागूं दिलें नाहीं. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळांतून शेतीचें मूलज्ञान द्यावें असें सुचविलें होतें, व वरिष्ठ शिक्षण व्यवहारास उपयोगी पडत नाहीं अशी तक्रारही केली होती. ती तक्रार आजही जुनी झालेली नाहीं.

या समजुतीची किंमत तरुण मुलें भरीत आहेत. आवड नसतां पदवी घ्यावी, पदवीनें काम मिळत नाहीं म्हणून पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांत खोली घेऊन स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करावा, आणि मूठभर जागांसाठीं बापाच्या शेतीचें उत्पन्न व स्वतःची पंचविशी खर्ची घालावी, हा क्रम गांवोगांवच्या कुटुंबांस परिचयाचा झाला आहे. प्रयत्न करणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. दुसरी वाट त्याला कोणीं दाखविलीच नाहीं, हा दोष आमचा.

आयटीआय म्हणजे पुढें वाट नसलेली गल्ली, हा समज तर निव्वळ अज्ञानाचा आहे. दहावीनंतर तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनांत पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळूं शकतो, आणि पदविका झाली कीं अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाचें दारही उघडें असतें. वाट लांबची असेल. परंतु तिच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या हातांत पोटापुरती विद्या असते, हा गुण सरळ वाटेला नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर घडविले व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. तेच नांगर विकीत हिंडलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून कमवा व शिका हा प्रघात पाडला. श्रम आणि विद्या यांचें वैर नाहीं, हें महाराष्ट्रानें पूर्वींच सिद्ध केलें आहे.

येथें एक गैरसमज होऊं नये. गरिबाच्या मुलास हातोडा आणि श्रीमंताच्या मुलास पुस्तक, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सुताराच्या मुलीस गणिताची गोडी असेल तर तिनें खुशाल विद्यापीठ गाठावें. २०२४ सालीं राज्य सरकारनें आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनेक प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक पदवीशिक्षणाचें शुल्क माफ केलें, त्याचा लाभ घ्यावा. आणि वकिलाच्या मुलास यंत्राची आवड असेल तर त्यानें फिटर होण्यांत कोणाचेंही नाक कापलें जात नाहीं.

आतां व्यापारी व कारखानदार बंधूंस दोन शब्द. कुशल माणूस मिळत नाहीं, ही तक्रार आम्ही प्रत्येक पेढीवर ऐकतों. पण माणूस तयार करण्याचें काम कोणाचें? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियम २०१९ सालीं बदलले; त्यांप्रमाणें तीस वा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणें बंधनकारक झालें, आणि चार ते एकोणतीस माणसें असलेल्यांस तें ऐच्छिक राहिलें. २०१६ पासूनच्या योजनेंत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा ठरीव मर्यादेपर्यंत केंद्र सरकार सोसतें. म्हणजे बाजारपेठेंतील मध्यम दुकानदारही एखाद्या मुलास हाताखालीं घेऊन शिकवूं शकतो. मात्र उमेदवार म्हणजे स्वस्तांतला गडी नव्हे. त्याला वर्षभर झाडू मारावयास लावून प्रमाणपत्र देणें ही फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्यानें कुशल माणसांच्या दुष्काळाबद्दल पुन्हां तोंड उघडूं नये.

पालकांस आमची विनंति लहानशीच आहे. पुढच्या निकालाच्या दिवशीं मुलाला किंवा मुलीला गुण किती पडले हें जरूर विचारावें. पण त्याआधीं एकदां जवळ बसवून, तुला काय करावयास आवडतें, हें विचारावें. आणि जें उत्तर येईल त्याची लाज वाटूं देऊं नये.