हळूहळू की टप्प्याटप्प्याने?



इंग्रजीच्या पेपरात ‘ग्रॅज्युअली’ आलं, की आपण डोळे मिटून ‘हळूहळू’ लिहून मोकळे होतो. पण जरा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चला. यंत्रमागांचा खडखडाट चालू आहे. टॉवेल वाढतो तो एकेका आडव्या धाग्याने, पण माग धावतोय भरभर. याला ‘हळूहळू’ कसं म्हणायचं? ‘धाग्याधाग्याने’ म्हणा! सूत रंगवायचं, बीम भरायचं, विणायचं, कडा शिवायच्या. हे काम होतं ‘टप्प्याटप्प्याने’. आणि धुऊन धुऊन चादरीचा रंग उडतो, तो मात्र ‘हळूहळू’.

एका शब्दाने काय बिघडतं? समजा, माल नेणारा व्यापारी म्हणाला, “पैसे हळूहळू देईन.” कधी, किती, काहीच कळलं नाही! “टप्प्याटप्प्याने देईन” म्हणाला, तर लगेच विचारता येतं, “पहिला टप्पा कधी?”

आता गंमत पाहा. ‘ग्रॅज्युअली’च्या मुळाशी आहे लॅटिन ‘ग्राडुस’, म्हणजे पाऊल, पायरी. बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया देशात म्हणतात ‘पकापेनिस्की’. त्याच्या मुळाशी ‘काप्त’, म्हणजे चढणे. आपल्या ‘क्रमाक्रमाने’तल्या ‘क्रम’चा मूळ अर्थही पाऊल टाकणे! सोलापुरातल्या तेलुगू मित्राला विचारा, तो ‘क्रमंगा’ सांगेल. कन्नड मैत्रीण ‘क्रमेण’ सांगेल. इतक्या लांबलांबच्या भाषा, पण चढतात एकच जिना!

या आठवड्याचा गृहपाठ : ‘दिवसेंदिवस’ आणि ‘उत्तरोत्तर’ यांची एकेक वाक्यं करा. फरक आई-बाबांना ओळखू दे. बाकीचे शब्द पुढच्या अंकी.

(क्रमशः)