वाड्याचें छायाचित्र कीं स्वतःचें?

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. फ्रान्समधील दागेरची छायाचित्रणाची रीत १८३९ सालीं जगापुढें आली. ह्या ११ वर्षांच्या अंतरामुळें गणेशमहाल, आरसेमहाल हीं नांवें आपल्या ओठांवर राहिलीं, रूपें राहिलीं नाहींत. त्या पिढीजवळ साधनच नव्हतें. तिला दोष कोण देईल? बुधवारवाडा १८७९ सालीं भस्म झाला, तेव्हां ती सबब उरली नव्हती. आणि आज तर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. जुन्या पुण्यांतले वाडे एकामागून एक पाडले जात आहेत, आणि आपण त्यांच्या कोरीव खांबांना टेकून स्वतःचीं छायाचित्रें काढीत आहों!

कलावंत म्हणविणारांची तऱ्हाही निराळी नाहीं. चौकांत उतरलेला कवडसा त्यांना दिसतो; माजघर, देवघर, न्हाणीघर दिसत नाहीं. आम्ही विचारतों, घर म्हणजे काय केवळ दर्शनी सोपा? आमच्या मतें प्रत्येक खोलीच्या चारी भिंती, तक्तपोशी व जमीन समोरून, पुरेशा उजेडांत, शेजारीं मोजपट्टी ठेवून टिपाव्या. दिशा व तारीख लिहावी. खांबावर तुळई कशी बसविली आहे, तें स्पष्ट दिसावें.

“छायाचित्रानें वाडा थोडाच वाचतो?” असा आक्षेप येईल. नाहींच वाचत. परंतु आपण काय पाडतों आहों, हें पाडणाराला कळेल. आणि उद्यां नातवंडांनीं जाब विचारला, तर पुरावा त्यांच्या हातीं असेल. त्या पुराव्याचीच तर आपल्याला भीति वाटत नाहीं ना?