तासावरच्या बाई



घरकामगार, अंगणवाडी सेविका, कंत्राटी सफाई कामगार यांच्याविषयी या पानांवर आपण नेहमी लिहितो. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईचा विषय निघाला की मात्र काहीजणी नाक मुरडतात. तिला काय कमी आहे? हा समज कायम नोकरीतल्या प्राध्यापिकेकडे पाहून झालेला आहे. आज अनेक कॉलेजांत वर्गावर येते ती तासिका तत्त्वावरची बाई.

विठ्ठलवाडीच्या आमच्या बैठकीला अशा चौघी येतात. सेट झालेल्या, एकीची तर पीएच.डी.ही झालेली. जितके तास शिकवलं तितक्याच तासांचे पैसे. पेपर तपासणं त्यात नाही, उन्हाळ्याची सुट्टी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला 1500, महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये सांगितले. चौघींपैकी एकीनेही एवढे पैसे पाहिलेले नाहीत. दरवर्षी नव्याने मुलाखत, आणि तिथे विषयाआधी विचारणा होते ती लग्नाची आणि मुलाबाळांची.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो बाळंतपणाचा हिशेब. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातली अट अशी, की बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं हवं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आली. आता एखादी दोन कॉलेजांत आठवड्याचे दोन-दोन दिवस शिकवते असं धरा. 30 आठवड्यांत तिचे 120 दिवस भरतात, पण कुठल्याही एका कॉलेजात 60च! कामाचे तुकडे मालकांनी पाडायचे आणि हक्क बाईने गमवायचा.

मुदत संपली की हक्कही संपला, असंही ऐकवलं जातं. ते खरं नाही. दिल्लीतल्या कंत्राटी डॉक्टर कविता यादव यांचा करार जून 2017 मध्ये संपत होता, म्हणून त्यांना फक्त 11 दिवसांचा लाभ देऊ केला गेला. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ऑगस्ट 2023 मध्ये निकाल लागला: 80 दिवसांची अट पुरी झाली असेल तर लाभ कराराच्या मुदतीनंतरही द्यावा लागेल. हा निकाल आपल्या कॉलेजांपर्यंत पोचवणार कोण?

संशोधनाच्या जागांचंही वेगळं काही नाही. एसएनडीटीमध्ये 1974 साली नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं केलं तेव्हा विद्यापीठाचं दार आपल्यासाठी उघडलं, असं वाटलं होतं. जून 2024 मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत निधी नाही म्हणून सुमारे 55 अध्यापकांना मुदत न वाढवण्याची पत्रं गेली. स्त्री-अभ्यास केंद्रातल्याही त्यांत होत्या. ओरड झाली, दोन दिवसांत पत्रं मागे घेतली गेली. पण जागा निधीवरच टांगलेल्या राहिल्या. बायकांच्या श्रमाचा अभ्यास करणाऱ्या बाईचेच श्रम असे मुदतीवर!

प्राध्यापक संघटनांच्या मागण्यांत कायम भरती असते, ती हवीच. बाळंतपणाचा मुद्दा मात्र तिथे शेवटच्या ओळीत जातो. तो आपणच पुढे रेटायला हवा. तोवर प्रत्येकीने नेमणूकपत्राची प्रत घरी ठेवावी, आणि कॉलेजात गेलेल्या प्रत्येक दिवसाची तारीखवार नोंद वहीत करावी. आमच्या चौघींनी तशा वह्या घातल्या आहेत. तुमच्या गावातल्या तासावरच्या बाईंना बैठकीला बोलवा आणि त्यांचे किती दिवस भरतात ते आम्हांला कळवा.