झाकली मूठ आणि विकाऊ घर

रविवारी सकाळी घर पाहावयास निघालेले कुटुंब हे आपल्या शहरांतील आता नेहमीचे दृश्य झाले आहे. नवरा-बायको, सोबतीला एखादा व्यवहारी मेहुणा, हातात पत्त्यांची यादी आणि पुढे दलाल. दुपारपर्यंत चार घरे पाहून होतात आणि संध्याकाळी चारही नापसंत ठरतात. कारण विचारावे, तर उत्तरे किरकोळ वाटतात. एका घरात कोंदट वास होता, दुसऱ्यात मालक क्षणभरही पाठ सोडीत नव्हते, तिसऱ्यात भर दिवसा दिवे लावून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. मालकाला वाटते, हल्लीचे गिऱ्हाईक फार चोखंदळ झाले आहे. दलाल सुचवितो, भाव थोडा उतरवा. दोघांचेही निदान चुकलेले असते. गिऱ्हाईक घरातील दोषाला सहसा बिचकत नाही. दोष लपविला जात आहे, या शंकेला ते बिचकते.

गतवर्षी एका सहकाऱ्याबरोबर पुण्यात अशी जुनी घरे पाहण्याचा योग आला. पहिल्या घराला नुकताच रंग दिलेला होता. उदबत्तीचा घमघमाट होता. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी मात्र एक अवजड कपाट उभे होते. त्यामागची भिंत पाहू का, असे सहकाऱ्याच्या पत्नीने विचारताच मालकांचा चेहरा बदलला आणि 'तिथे पाहण्यासारखे काही नाही' असे उत्तर आले. पुढे मालकांनी किंमत दोनदा खाली आणली, तरी त्या घराचा विषय आमच्याकडे पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या घरातील निवृत्त गृहस्थांनी आम्हांला आधी न्हाणीघरापाशीच नेले. वरच्या मजल्यावरून तीन वर्षे ओल येते आहे, हे संस्थेला दिलेले पत्र, हा गवंड्याने सांगितलेला खर्च, असे त्यांनी सरळ सांगितले. सहकाऱ्याने तो खर्च किमतीतून वजा करण्याची विनंती केली, त्यांनी ती मान्य केली आणि पंधरवड्यात व्यवहार ठरला. ओल दोन्ही घरांत असावी. एका घरात तिची किंमत ठरली, दुसऱ्यात ती ठरूच शकली नाही.

हा भेद अर्थशास्त्राला अपरिचित नाही. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम आणि जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता, अशी विभागणी फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली केली. भिंतीवर दिसणारी ओल ही जोखीम आहे. तिचा खर्च काढता येतो. कपाटामागे काय आहे हे न कळणे ही अनिश्चितता होय, आणि तिची भरपाई भावातील सवलतीने होत नाही. उलट, मागितल्यावाचून भाव उतरला की शंका अधिकच बळावते.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच विचार पुढे नेला. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीला सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट माल उरत जातो. या विषयावरील कार्याबद्दल २००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अ‍ॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना विभागून मिळाले. आपल्याकडील जुन्या सदनिकांच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. एकाने केलेल्या लपवाछपवीचा दंड दहा प्रामाणिक मालक भरतात. ज्या निवृत्त शिक्षकाने वीस वर्षे घर नीट राखले, त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईकही आधीच्या चार घरांतील संशय मनात घेऊनच उंबरा ओलांडते.

गिऱ्हाईकाच्या या भित्रेपणाला हसण्याचे कारण नाही. पगारदार माणसाची ही बहुधा आयुष्यातील एकमेव मोठी खरेदी असते आणि तिच्यापोटी तो पंधरा-वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मुद्रांक शुल्कच सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते. साठ लाखांच्या घरावर सहा टक्के म्हटले, तरी ३ लाख ६० हजार रुपये झाले. फसगत झाल्याचे ध्यानात आल्यावर घर पुन्हा विकावे, तर त्यासाठी भरलेले हे शुल्क त्याच्या पदरात परत पडत नाही. चुकीची किंमत इतकी मोठी असताना शंका येताच पाय मागे घेणे हाच शहाणपणा होय.

भिंतीपेक्षाही मोठे कपाट कागदपत्रांपुढे उभे केलेले असते. जाहिरातीतील नऊशे चौरस फूट मोजपट्टी लावताच साडेसहाशेवर येतात, कारण मालकाने जिन्याचा आणि व्हरांड्याचा वाटाही आपल्या आकड्यात धरलेला असतो. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, तिच्याखालची जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे काय, की ती अद्याप बिल्डरच्या वा मूळ मालकाच्याच नावावर आहे, या प्रश्नांना 'ते होऊन जाईल' हे ठरलेले उत्तर असते. मोटार उभी करण्याची जागा 'आपलीच' असते, परंतु तिचा कागद नसतो. उघड्यावरील किंवा खांबांमधील अशी जागा बिल्डरने सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला असूनही हे चालते. पुष्कळदा ही माहिती बयाणा दिल्यानंतर, बँकेच्या वकिलाने कर्जाला हरकत घेतल्यावर बाहेर येते. तोवर बयाणा अडकलेला असतो.

यावर कायदा नाही काय? आहे, आणि तो १८८२ सालचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, मालमत्तेतील अथवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि ग्राहकाला सामान्य काळजी घेऊनही कळण्याजोगा नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मागणी होताच हक्काची कागदपत्रे तपासणीस देणे, हेही त्याच कलमात आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या केली आणि बांधकामातील दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकाला जबाबदार धरले. परंतु तो कायदा विकासकाने विकलेल्या घरांसाठी आहे. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या वीस वर्षांच्या जुन्या घरात आधार उरतो तो जुन्या कलमाचा, आणि त्याचे स्मरण घर दाखविताना कोणालाच होत नाही.

मग प्रत्येक विक्रेत्यावर माहितीचा जाडजूड संच तयार करण्याची सक्ती करावी काय? इंग्लंड व वेल्समध्ये २००७ साली तशी सक्ती झाली. त्या संचाच्या खर्चामुळे लोक घर विक्रीस काढण्यास कचरतात, असे सांगून नव्या सरकारने २०१० साली ती मागे घेतली. हा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही. आपल्याकडे गरज आहे ती एका साध्या पानाची. चटई क्षेत्र किती, इमारत किती सालची, भोगवटा प्रमाणपत्र व जमिनीचे अभिहस्तांतरण झाले की नाही, घरावर कर्जाचा बोजा आहे काय, संस्थेची थकबाकी किती, गळती कोठे व केव्हा झाली, गाडीच्या जागेचा आधार काय. यांतील निम्मी माहिती गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात असते. चिटणीसांनी ती एकदा लिहून ठेवली, तर प्रत्येक सभासदाच्या उपयोगी पडेल. असे पान पहिल्याच भेटीत हाती ठेवण्यास विक्रेत्याला रंगकामाच्या शतांशही खर्च येणार नाही.

ग्राहकांनीही आपली रीत बदलावयास हवी. स्वयंपाकघरातील फरशीचा रंग तासभर न्याहाळणारे आपण कागदपत्रांची मागणी संकोचाने शेवटी करतो. शिवाय भाव पाडण्यासाठी नसलेले दोष काढण्याची आपली खोड खऱ्या दोषांची कबुली महाग करून ठेवते. मालकाने आपण होऊन ओल दाखविली, तर तिचा वाजवी खर्च तेवढा वजा करावा. त्याच्या खरेपणाचा दंड त्याच्याकडून वसूल करू नये.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणत आलो. व्यवहारात अब्रू राखावयास ती म्हण कधी उपयोगी पडतही असेल. घरांच्या बाजारात मात्र झाकलेल्या मुठीत काही नसणारच, असे धरून चालण्यास गिऱ्हाईक शिकले आहे. घर विकावयाचे असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी ते कपाट भिंतीपासून दूर सारावे.