शोधायला गेलो एकाला...

आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा टीव्हीचा रिमोट सूनबाईंच्या हातात असतो. तक्रार नाही. मालिकांचं मला वावडं नाही, पण त्यातली भांडणं वर्षानुवर्षं मिटत नाहीत आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला न सुटणारं गणित फार वेळ बघवत नाही. माझी आवड वेगळी आहे. लढाईत, फाळणीत हरवलेली माणसं शोधण्याचे कार्यक्रम मला फार आवडतात. १९८६ साली दूरदर्शनवर ‘बुनियाद’ लागायची, फाळणीत विस्कटलेल्या लाहोरच्या कुटुंबाची गोष्ट. त्या वेळी शेजारच्या दहा-बारा माणसांसह आमच्या खोलीत बसून ती बघायचो. बहुधा तेव्हापासूनची ही आवड.

हल्ली नात मला मोबाइलवर असलं काहीबाही लावून देते. बीबीसीवर २००४ पासून ‘हू डू यू थिंक यू आर’ नावाचा कार्यक्रम आहे. नामवंत माणसं जुनी दप्तरं चाळत आपल्या पूर्वजांचा माग काढतात. त्यात २०१५ साली अनिता रानी या निवेदिकेचा भाग होता. तिचे आजोबा सैन्यात, घरापासून लांब. आणि इकडे फाळणीत त्यांची पहिली बायको आणि मुलं गेली. तो भाग मी दोनदा पाहिला.

पण या सगळ्यांचा आजोबा शोभेल असा कार्यक्रम दक्षिण कोरियात झाला. १९५० ते ५३ च्या युद्धात तिथली लाखो कुटुंबं फुटली. ३० जून १९८३ रोजी केबीएस या तिथल्या सरकारी वाहिनीने हरवलेल्या नातेवाइकांना शोधण्यासाठी ९५ मिनिटांचा कार्यक्रम ठेवला. लोक इतके लोटले की तो थांबवताच येईना. १४ नोव्हेंबरपर्यंत, १३८ दिवस तो चालला. एकूण ४५३ तास ४५ मिनिटं! माणसं गळ्यात पाट्या अडकवून कॅमेऱ्यासमोर उभी राहायची. नाव, गाव, कुठे ताटातूट झाली, अंगावर कुठे व्रण आहे. सेऊलमधल्या त्या इमारतीच्या भिंती कागदांनी भरून गेल्या. २०१५ साली युनेस्कोने या सगळ्या ध्वनिचित्रफितींची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

एक बहीण आणि एक भाऊ पडद्यावर एकमेकांना ओळखतात आणि हंबरडा फोडतात. भाषा कळत नाही, तरी माझा चष्मा ओला होतो.

तर मंडळी, आता माझं म्हणणं. त्या कार्यक्रमात अर्ज आले १,००,९५२ आणि भेटी झाल्या १०,१८९. म्हणजे दहातला एक. उरलेले नऊ जण पाटी काखेत मारून घरी गेले. कॅमेरा त्यांच्यामागे गेला नाही. टीव्हीचा दोष म्हणत नाही मी. भेट दाखवता येते, वाट बघणं दाखवता येत नाही. पण लढाईत हरवलेला माणूस म्हटलं की आपण फक्त गेलेल्याचा विचार करतो. घरी राहून त्याच्यापायी हरवलेल्या माणसाला कोण शोधणार?

हे मला उगीच सुचलेलं नाही. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात माझे थोरले चुलत आजोबा ११० व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. गावात त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत. तुर्कांनी कूत गावात या फौजेला १४७ दिवस वेढलं. खायला घोडी उरली, तीही संपत आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. आजोबा परत आले नाहीत.

त्यांच्या मागे राहिली ती मोठी आई. सगळ्या घराची मोठी आई. सरकारकडून पेन्शन येई; ती अंगठा उठवून पैसे घेई, पण कपाळावरचं कुंकू तिने शेवटपर्यंत पुसलं नाही. ‘‘पैसं सरकारचं, कुंकू माजं,’’ म्हणायची. गावचा कुणी फौजी रजेवर आला की त्याच्या घरी जाऊन विचारायची, ‘‘बसऱ्याकडं कोन भेटलं का रं?’’ १९६२ च्या लढाईनंतर चीनच्या सरहद्दीवरून आलेल्या पोरालाही तिने हेच विचारलं. आम्ही पोरं हसलो होतो. ते हसणं मला अजून टोचतं.

गेल्या वर्षी नातीने युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. साहेबाच्या कारकुनाने गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की तीन रविवार गेले. अखेर सापडलं. बसऱ्याचं स्मारक. ज्यांची कबर वा चितेची जागा ठाऊक नाही अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी ते उभारलेलं आहे. पण आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर नाहीत. पलटणीखाली नुसता आकडा, नावं वहीत. असल्या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ साली माफी मागितली. मागितली हे बरं झालं, पण मागणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला फार उशीर झाला.

नोंद दोन ओळींची. नाव, पलटण, १९१६ साल, गाव, तालुका. आणि पुढे: अमकीचा पती.

नात म्हणाली, ‘‘आजोबा, ही अमकी कोण?’’

मला सांगता येईना. मग लक्षात आलं. चौदा वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, त्या मोठ्या आईचं नाव मला ठाऊकच नव्हतं! कुणाची वहिनी, कुणाची चुलती, आमची मोठी आई. नाव घेणारा एकच माणूस, तो बसऱ्याला राहिला. मोठे गेले, त्यांच्याबरोबर नावही गेलं. शोधायला गेलो आजोबांना आणि सापडली ती.

आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. बहुतेकांच्या घरी हेच असेल. लढाईवर पाठवणाऱ्या सरकारच्या वहीत जिचं नाव होतं, तिचं नाव घरच्या वहीत नसावं याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं. आता एकेका घरी फोन करून बाकीच्या बायकांची नावं विचारतोय. दोन पिढ्यांपलीकडे कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आज टीव्ही जरा लवकर बंद करा आणि आजीच्या आजीचं नाव विचारून घ्या.

असो. सात वाजत आले. सूनबाई रिमोट शोधतायत.