शनिवारची सकाळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक जुने स्नेही चार दिवस मुक्कामास आले होते. त्यांचे वडील इंजिनियर. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, त्यानंतर जीं महाराष्ट्रीय कुटुंबें तिकडे गेलीं त्यांपैकीं त्यांचें एक. त्यामुळें आमच्या स्नेह्यांचें सारें बाळपण न्यू जर्सींत गेलें. त्यांच्याबरोबर त्यांचा दहा वर्षांचा मुलगा होता. शनिवारीं सकाळीं चहा होतो न होतो तोंच ते मुलाला घेऊन पडद्यासमोर बसले आणि मोठ्या प्रेमानें त्यांनीं 'स्कूबी-डू' ह्या जुन्या कार्टूनचा एक भाग लाविला. मुलानें दहा मिनिटें निमूटपणें पाहिलें, आणि मग विचारलें, "बाबा, हे लोक इतके धांवताहेत, तरी मागून तेंच झाड पुन्हां पुन्हां कसें येतें?"

बाबांना राग आला. हल्लींच्या मुलांना कशाचीच गोडी राहिली नाहीं, असें कांहींसें बोलून ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

आमचें मत असें कीं, झाडाच्या बाबतींत मुलाचें म्हणणें बरोबर होतें. आणि बापाचा रागहि अगदींच निराधार नव्हता. असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं घडत असेल, म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

प्रथम ही शनिवारची सकाळ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत त्या काळीं एबीसी, सीबीएस आणि एनबीसी अशा तीन मोठ्या टेलिव्हिजन कंपन्या होत्या. शनिवारीं सकाळीं मोठीं माणसें टेलिव्हिजन पाहात नसत, त्यामुळें तो वेळ स्वस्त पडे. मुलें मात्र उठून बसलेलीं असत. तेव्हां १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ह्या कंपन्यांनीं ती सगळी सकाळ कार्टूनांनीं भरून टाकिली, आणि खेळणीं व साखर लाविलेलें न्याहारीचें धान्य विकणारे जाहिरातदार तेथें धांवून आले. मुलाच्या बाजूनें पाहिलें तर चित्र निराळें होतें. आईबाप झोंपलेले, मुलानें पहांटेंच उठून, आवाज न करतां, स्वतःच्या हातानें वाडग्यांत दूध व तें गोड धान्य ओतून घ्यावें आणि दुपारपर्यंत पडद्यासमोर मांडी घालून बसावें. आठवड्यांत अशी सकाळ एकच. एखादा भाग चुकला तर चुकला. घरोघरीं तो टिपून ठेवण्याचें यंत्र नव्हतें. दर वर्षीं शरदृतूंत नवीं कार्टूनें सुरू होत, आणि त्यांच्या दुपानी जाहिराती मुलांच्या चित्रपुस्तकांत आधींच येत. त्या पानांवर नजर लावून मुलें आठवड्यामागून आठवडे काढीत, असें आमचे स्नेही सांगतात.

आतां त्या झाडाविषयीं. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा ह्या जोडीनें सिनेमागृहांसाठीं 'टॉम अँड जेरी' हीं चित्रें काढिलीं, आणि त्यांपैकीं सातांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९५७ सालीं त्यांच्या कंपनीनें आपला कार्टून-विभाग बंद केला. तेव्हां ह्या दोघांनीं स्वतःचा कारखाना काढिला आणि टेलिव्हिजनकरितां काम पत्करिलें. पण सिनेमासाठीं ज्या निगुतीनें सात मिनिटांचें चित्र होई, त्या निगुतीनें दर आठवड्यास अर्ध्या तासाचें चित्र काढणें शक्य नव्हतें. तेवढा पैसाहि नव्हता व वेळहि नव्हता. म्हणून काटकसर आली. पात्राचें शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड हालवावयाचें. पळणाऱ्या मनुष्यामागें तोच देखावा फिरून फिरून सरकवावयाचा. योगी नांवाच्या अस्वलाच्या गळ्यांत गळपट्टी व नेकटाय आहे. ती केवळ शोभेची नव्हे. तिच्यामुळें डोकें धडापासून वेगळें काढून तेवढेंच हालवितां येई, आणि जोड दिसत नसे. सिनेमाच्या थोर कार्टूनकारांपैकीं चक जोन्स ह्यांनीं ह्या सगळ्या प्रकारास 'सचित्र रेडिओ' असें नांव ठेविलें होतें. तें नांव बोंचणारें असलें तरी खोटें नाहीं. मात्र त्या रेडिओवरचे आवाज फार चांगले होते, हेंहि सांगितलें पाहिजे. डॉज बटलर ह्यांचा योगी व डॉन मेसिक ह्यांचा स्कूबी डोळे मिटून ऐकावा, म्हणजे चित्राची उणीव पुष्कळशी भरून येते.

स्कूबी-डूच्या जन्माची हकीकतहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९६६ च्या सुमारास शनिवारच्या सकाळीं मारामारी करणाऱ्या वीरांचा सुकाळ झाला होता. १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी ह्यांचे खून झाले, देश हादरला, आणि मुलांना सकाळच्या प्रहरीं हें काय दाखवितां, असें पालक कंपन्यांना विचारूं लागले. मग ठोसे मागें पडले आणि १३ सप्टेंबर १९६९ रोजीं चार तरुण व एक भित्रा कुत्रा पडद्यावर आले. त्या गोष्टींत दर वेळीं भूत दिसे आणि दर वेळीं त्याचा मुखवटा काढल्यावर आंत कोणी तरी लोभी मनुष्य निघे. चित्रें साधारण, विनोद ओढूनताणून आणलेला, वर भाड्याचें हंसणें. तरी भूत म्हणजे मुखवटा घातलेला लोभ, ही कल्पना आम्हांस पसंत आहे. ती आमच्याहि गांवोगांवीं दाखविण्यासारखी आहे.

पण खरा मुखवटा जाहिरातदारांचा होता. त्या वेळीं शनिवारच्या सकाळीं तासांतील सुमारें १६ मिनिटें जाहिरातींत जात. बोस्टनजवळच्या न्यूटन गांवीं पेगी चारेन नांवाच्या गृहिणीनें १९६८ सालीं इतर मातांना घेऊन एक मंडळ स्थापिलें. १९७० सालीं त्यांनीं सरकारी आयोगाकडे अर्ज केला कीं, मुलांच्या कार्यक्रमांतून जाहिराती काढाव्या, आणि प्रत्येक केंद्रानें आठवड्यास १४ तास तरी मुलांसाठीं द्यावे. जें मागितलें तें सारें मिळालें नाहीं. पण धाक बसला. १९७३ सालीं एबीसीवर कार्टूनांच्या मधून तीन तीन मिनिटांचीं शिकविणारीं गाणीं येऊं लागलीं, त्यांचा उगम मात्र वेगळा होता. डेव्हिड मॅकॉल नांवाच्या एका जाहिरातवाल्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या मुलाला पाढे पाठ होत नाहींत, पण चालू गाणीं सगळीं येतात. म्हणून त्यानें पाढ्यांनाच चाल लावून घेतली. आमच्याकडील पंतोजींनीं हें ऐकलें असतें तर ते नुसते हंसले असते. त्यांच्या शाळेंत पाढे कधीं चालीशिवाय म्हटलेच गेले नाहींत.

पुढें ही सकाळ मावळली. १९९० सालीं कायदा होऊन सुटीच्या दिवशीं मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींस तासाला साडेदहा मिनिटांची मर्यादा पडली. १९९६ च्या नियमानें आठवड्यास तीन तास शिक्षणाचे कार्यक्रम देणें केंद्रांना भाग पडलें. एनबीसीनें तर १९९२ सालींच कार्टूनें सोडून दिलीं होतीं. सीडब्ल्यू नांवाच्या नव्या कंपनीनें २७ सप्टेंबर २०१४ रोजीं शेवटची सकाळ दाखविली, आणि सर्वसामान्य केंद्रांवरील ती रीत संपली. कांहीं लोक ह्याचा दोष त्या कायद्यास, म्हणजे पर्यायानें त्या मातांस देतात. आम्हांस हें मान्य नाहीं. निकेलोडियन १९७९ सालीं सुरू झालें, कार्टून नेटवर्क १९९२ सालीं. पैसे भरून तार घेतली कीं दिवसभर, रोज, हवीं तेवढीं कार्टूनें. वर्षातून एकदां भरणारी जत्रा गांवच्या वेशीवर रोज भरूं लागली, तर तिला जत्रा म्हणून कोण जाईल? जत्रा कायद्यानें मोडली नाहीं, नित्याच्या दुकानानें मोडली.

आमच्या इकडेहि हें घडलेलें आहे, फक्त वार निराळा होता. ज्या पालकांनीं आज चाळिशी ओलांडिली आहे त्यांना १९९३ सालच्या रविवारच्या सकाळी आठवत असतील. जपानांत तयार झालेलें 'जंगल बुक' दूरदर्शनवर हिंदींतून येई. त्याचें गीत गुलजार ह्यांचें व संगीत विशाल भारद्वाज ह्यांचें. नाहणें लौकर उरकून, ओल्या केसांनीं, ज्यांच्या घरीं संच नव्हता तीं मुलें शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसत. आणि नेमकी त्याच वेळीं वीज गेली तर आठवडाभराचा शोक. दोनच वर्षांनीं, १९९५ सालीं, कार्टून नेटवर्क हिंदुस्थानांत आलें. पुढची हकीकत आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हां आमच्या स्नेह्यांना हळहळ वाटते ती नेमकी कशाची? चित्रांची म्हणावी तर तीं हरवलेलीं नाहींत. अमेरिकेंत मीटीव्ही नांवाच्या वाहिनीनें २०२१ सालापासून शनिवारीं सकाळीं जुनीं कार्टूनें पुन्हां लाविलीं, आणि २०२४ सालीं त्यांच्यासाठीं अष्टौप्रहर चालणारी निराळी वाहिनीहि काढिली. पूर्वीं मुलांना गोड धान्य विकत, आतां त्याच मुलांना केस पिकल्यावर त्यांची आठवण विकतात. आमच्या मतें हरवली ती वाट पाहण्याची संवय, आणि मोठ्या माणसांच्या नजरेबाहेरचे ते चार तास. शिवाय सोमवारीं शाळेंत गेल्यावर सगळ्या वर्गानें एकच गोष्ट पाहिलेली असे, तिचेंहि मोल थोडें नव्हतें. आज एका बांकावरच्या दोन मुलांनीं रात्रीं दोन वेगळीं चित्रें पाहिलेलीं असतात आणि मधल्या सुटींत त्यांना एकमेकांशीं त्याविषयीं बोलतां येत नाहीं.

म्हणून जे पालक आपल्या मुलांवर आपलीं जुनीं कार्टूनें लादतात त्यांची चूक होते, असें आम्ही म्हणतों. आपणांस मिळालेली वस्तु ते मुलाला देतात. सकाळ देत नाहींत. त्यापेक्षां आठवड्यांतून एक सकाळ मुलाच्या हवालीं करावी, इतर दिवशीं पडदा बंद ठेवावा, आणि त्या सकाळीं काय पाहावें हें त्याचें त्याला ठरवूं द्यावें. तें आपणांस भिकार वाटेल. वाटूं द्यावें, न्यू जर्सींतल्या त्या झोंपलेल्या आईबापांनाहि तसेंच वाटत होतें. शेजारच्या चार मुलांना बोलाविलें तर अधिक बरें. ह्यावर कोणी म्हणेल कीं, आईबापांना झोंप काढण्याची ही सोय झाली. झाली तर झाली!

स्नेही निघावयाच्या दिवशीं सकाळीं त्यांचा मुलगा आमच्या जुन्या हिशेबाच्या वहीचे कोपरे रंगवीत बसला होता. प्रत्येक पानावर एक पळणारा मनुष्य जागच्या जागीं, आणि मागें एक झाड, दर पानास थोडें थोडें सरकलेलें. चाळीसएक पानें झाल्यावर त्यानें वही बापाच्या हातांत दिली. सामान दारांत उतरवून ठेवलेलें, रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवितो आहे, आणि आमचे स्नेही उंबऱ्यांत उभे राहून अंगठ्यानें पानें सोडीत तें झाड पुन्हां पुन्हां मागें जातांना पाहात होते.