विक्रीचा धंदा व आमची मुले

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आमच्या वाडवडिलांनी पाठ केली आणि आम्ही ती नेमकी उलटी करून वागतो. शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर झाला की पहिली नजर सरकारी नोकरीवर जाते. ती न मिळाली म्हणजे पोलीसभरती. तीही हुकली म्हणजे कोठे तरी कारखाना. आणि सगळी दारे लागली म्हणजे मग तो कोणत्या तरी कंपनीचा माल विकावयास बाहेर पडतो. बियाणे, खत, फवारणीचे औषध, ट्रॅक्टर, विमा, काय मिळेल ते. सोयरीक जुळविताना मुलाचा बाप "मुलगा सेल्समध्ये आहे" हे इतक्या हळू आवाजात सांगतो, की घरात काही झाकावयाजोगे आहे असे वाटावे. मुलीकडचे विचारतात, "म्हणजे फिरतीवर?" आणि तेवढ्यावर बोलणे थंडावते. विकणे म्हणजे चार खोटे बोलणे, गिऱ्हाईकाच्या गळ्यात माल मारणे, असा आमच्या घरोघर समज आहे. तो समज निराधार नाही, हेही आम्ही कबूल करतो. परंतु विकण्याच्या कामात माणसाचे मन भरेल इतके समाधान आहे आणि ते आमच्या मुलांना मिळू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला एक अट आहे.

हा समज आला कोठून ते आधी पाहू. आमच्या गावगाड्यात सुताराने नांगर केला, लोहाराने फाळ शेवटला, चांभाराने मोट शिवली, पण त्यातले काहीच विकले नाही. वर्षभर काम करावयाचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागावयाचे. पाटी पुढे केली की पडेल ते घ्यावयाचे. किंमत सांगणे, नाही म्हणणे, दुसऱ्या गावी जास्त मिळत असेल तर तिकडे माल नेणे, या गोष्टी आमच्या कारागिराला कोणी शिकविल्याच नाहीत. शेतकऱ्याचीही तीच कथा. माल त्याचा, पण अडत्याच्या ओट्यावर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरावयाचा, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहावयाचा! बाजार समित्यांचे कायदे झाले, मुंबई इलाख्याचा 1939 साली आणि महाराष्ट्राचा 1963 साली. 2016 साली फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीकही मिळाली. तथापि कायद्याने दार उघडले तरी आत शिरणाराला विकता आले पाहिजे. ते येत नाही, कारण विकणाऱ्याचे तोंड आम्ही आजवर समोरच्या बाजूनेच पाहिले.

आमच्या घरातील बायका मात्र याला अपवाद आहेत. माळणीने भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कोळणीने मासळीची घेतली, आणि आठवडी बाजारात बसून भाव सांगितला, घासाघीस ऐकली, वर मूठभर कोथिंबीर टाकून गिऱ्हाईक बांधून ठेवले. त्या कासाराचे पाहा. तो दारात आला म्हणजे लेकीबाळी जमतात; तो मनगट हातात घेऊन मापाची बांगडी निवडतो, आणि भरताना फुटली तर नुकसान त्याचे. आपला माल गिऱ्हाईकाच्या हातात स्वतः बसवून देणारा हा विक्रेता पिढ्यानपिढ्या त्याच घरी येतो, पोरीचे लग्न ठरल्याची बातमी त्याला आधी कळते. या मंडळींना कोणी सेल्सचे शिक्षण दिले नव्हते. आणि ज्या जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा आसूड ओढला त्यांनीही कंत्राटे घेतली होती व ओतकामाच्या मुशी विकण्याचा धंदा केला होता, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता नांगराची गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा लोक कारखानदाराची म्हणून सांगतात. आम्ही ती विकणाऱ्याची म्हणून सांगतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींच्या दुकानात लक्ष घातले, कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला. नांगर झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. आजचा एखादा शहाणा या समजुतीला हसेल. आम्ही हसत नाही. कापड वाईट निघाले तर माणूस दुसरे घेईल. जमीन बिघडली तर दुसरी कोठून आणणार? उन्हाळ्यात नांगरट, मृगात पेरणी आणि सुगीला खळ्यावर निकाल, असा तो हिशेब असतो. शेतकऱ्याला वस्तू विकणे म्हणजे त्याच्या एका वर्षाशी खेळणे आहे, आणि ते त्याला विकणाऱ्यापेक्षा अधिक चांगले कळते.

तो नांगर अखेर खपला तो गोड बोलण्याने खपला नाही. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर ढेकूळ पालथे घालतो आणि हरळी-कुंद्याच्या मुळापर्यंत जातो, हे शेजाऱ्याच्या वावरात डोळ्यांनी दिसते. एकाच्या रानात फरक पडला की बांधापलीकडचा विचारावयास येतो. 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना गेला, किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे तो नांगर महाराष्ट्रभर फिरला. ती पहिली दोन वर्षे आम्हाला फार मोलाची वाटतात. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तोच दोन वर्षे न खपलेला माल सांभाळतो. ज्याला नाही तो दुसऱ्या महिन्यात नाव बदलून तोच माल दुसऱ्या गावी नेतो.

आता आजच्या आमच्या मुलाकडे वळू. तो मोटारसायकलवर सकाळी निघतो, तालुक्यातील कृषी सेवा केंद्रे पालथी घालतो, संध्याकाळी साहेबाला आकडा कळवितो. त्या आकड्याला टार्गेट म्हणतात. महिना भरत आला आणि आकडा भरला नाही, की त्याला झोप नाही. मग दुकानदाराला सवलत, दुकानदाराकडून शेतकऱ्याला आग्रह, आणि अखेर युरियाच्या गोणीबरोबर न मागितलेली बाटली. याला लिंकिंग म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी लबाडी देशीच आहे. ज्याला युरिया पाहिजे त्याने बाटलीही घेतली पाहिजे, नाही तर युरिया संपला! ती बाटली कोणाच्या घरी जाते? साहेबाची बदली होते. मुलगा त्याच तालुक्यात राहतो. बाटली त्याच्या मामाच्या घरी जाते, चुलत्याच्या घरी जाते. पोळ्याच्या दिवशी मामाच्या समोर बसून त्याला पुरणपोळी खावयाची असते.

शिवाय ही बाटली नुसती पैशाची बाब नाही. आमच्या खेड्यात कीटकनाशकाला औषध म्हणतात. ज्याने किडा मरतो आणि माणूसही मरतो त्याला औषध म्हणणारी भाषा विकणाऱ्याला सोयीची आहे खरी. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, दोन-तीन औषधे एका टाकीत कालवून, तोंडाला फडकेही न बांधता फवारणी चालली होती. त्या प्रत्येक टाकीतला माल कोणी तरी काउंटरवरून दिला होता. देणाऱ्याने त्या वेळी काय सांगितले, हा प्रश्न आम्ही विचारतो, आणि तो दोष देण्यापुरता विचारत नाही. कारण विकणाऱ्याच्या हातात काय होते ते पाहा. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. डब्यावरचे बारीक अक्षर आमचा शेतमजूर वाचीत नाही, पण रंग त्याला कळतो. त्या रंगावर बोट ठेवून "हा लाल आहे दादा, वाऱ्याच्या तोंडी फवारू नका, दुसऱ्या कशात कालवू नका," एवढे सांगावयास अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट ज्याने खर्च केला त्याने एखादे घर राखले असेल आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

आम्ही म्हणतो ती अट येथेच आहे. विकणाऱ्याला "हे तुम्हाला नको" असे म्हणता आले पाहिजे. कपाशीवर मित्रकिडी पुरेशा आहेत, आठ दिवस थांबा, फवारू नका, असे ज्याने एकदा सांगितले, त्याची त्या दिवशीची विक्री बुडाली. पण पुढच्या हंगामात तो जे देईल ते शेतकरी डोळे मिटून घेतो. बियाणे देताना जो पक्की पावती देतो आणि "पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि चिमूटभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा, उगवले नाही तर तक्रारीला लागेल," असे स्वतःच्या मालाविषयी सांगतो, त्याच्या दुकानाला पाटी नसली तरी चालेल. वहीत उधारी असते तशी गावात पत असते, आणि ती बाटल्या मोजून मिळत नाही.

यावर मुले म्हणतील, "तुम्हाला बोलावयास काय जाते? रिकामा परत गेलो तर नोकरी जाईल." बाबांनो, खरे आहे. घरचा हप्ता थकलेला असताना साहेबासमोर छाती काढा असे सांगणे सोपे आहे आणि आम्ही ते सांगत नाही. परंतु नोकरी धरताना कंपनीचा पगार विचारता तसा तिचा माल विचारा. तो आपल्या बापाच्या शेतात घालाल काय, हे मनाला विचारा. जो माल बापाच्या शेतात चालत नाही तो विकून आलेल्या पगाराने घर चालते, मन भरत नाही. त्या मुलांचे चेहरे आम्ही बाजारच्या दिवशी पाहतो. आणि तीन-चार वर्षे अशा रीतीने काढलीत, की कोणत्या गावात कोणते पीक, कोणाची जमीन चुनखडीची, कोण वेळेवर पैसे देतो, हे सारे तुमच्या वहीत येईल. एवढी वही ज्याच्यापाशी आहे त्याला स्वतःचे केंद्र काढावयास भांडवलाचा अर्धा भाग मिळाल्यासारखाच आहे.

दुकानदार मंडळींनाही दोन शब्द. काउंटरवरच्या पोराला बाटलीमागे कमिशन आणि पगार नाममात्र, ही रीत सोडा. ज्याचे पोट बाटल्यांच्या संख्येवर आहे त्याच्याकडून त्रिकोण दाखविण्याची अपेक्षा करणे म्हणजे मांजराला दुधाची राखण देणे. पुरता पगार द्या आणि मग सचोटी मागा.

मुलीच्या बापांनी सोयरिकीत "फिरतीवर आहे काय" हे अवश्य विचारावे. पण त्याबरोबर ज्या गावांत तो माल विकतो त्यांपैकी एका गावी जाऊन पारावर त्याचे नाव काढून पाहावे. तेथे चहा मिळाला तर मुलगा चांगला आहे.

कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शेतकीची किंवा विज्ञानाची ठरावीक पदवी अथवा ठरावीक पदविका लागते. आधीपासून दुकान चालविणाऱ्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने 2003 साली देसी नावाची पदविका सुरू केली असून ती एका वर्षाची आहे. दुकान सांभाळून शिकता यावे अशी तिची बेतणी आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले अशा दुकानांत कामाला आहेत किंवा ज्यांचे स्वतःचे दुकान आहे, त्यांनी तालुका कृषी कार्यालयात जाऊन पुढील तुकडीची चौकशी करावी. जाताना दहावी-बारावीची व असल्यास पदवीची प्रमाणपत्रे आणि दुकानाचा परवाना बरोबर न्यावा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.